वेदनेचे औषध आणि उशाशी ठेवायची वही

डेअरीला दूध घालता तेव्हा लिटर किती भरले, फॅट किती लागले, हे तुम्ही रोज पुस्तकात पाहता. एखाद्या दिवशी आकडा खाली आला तर फारसे मनावर घेत नाही. पण सलग तीन दिवस खाली आला की गोठ्यात जाऊन गाईचे कान गार आहेत का, रवंथ चालू आहे का, शेण कसे पडले, हे सगळे बघता. घरातल्या आजारी माणसाला डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केले, तर त्याच्या उशाशीही अशीच एक वही ठेवावी लागते. ती का, ते आमच्या वस्तीवरच्या एका घरात जे घडले त्यावरून सांगतो.

त्या घरच्या आजींना गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग झाला होता. जन्मभर मिश्री लावलेली. दुखणे इतके वाढले की रात्रभर भिंतीला टेकून बसून काढायच्या. शेवटी मोठ्या दवाखान्यातून मॉर्फिनच्या 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळाल्या, दर चार तासांनी एक. गोळ्या घरात आल्या आणि घरात वाद सुरू झाला. "हे तर अफूचे औषध! म्हातारपणी आईला व्यसन लावायचे काय?" थोरल्या मुलाने विचारले.

त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मॉर्फिन अफूतूनच निघते. दिवाळीच्या अनारशांवर आपण जी खसखस लावतो, त्याच झाडाच्या हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की जो चीक पाझरतो, ती अफू. (खसखशीच्या दाण्यात मात्र ती नावापुरतीच.) मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे आणि राजस्थानात चितोडगडकडे शेतकरी केंद्र सरकारच्या परवान्यावर हे पीक घेतात. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला बाळगोळी चाटवून निजवीत. त्या गोळीत अफू असे, आणि काही लेकरे त्या झोपेतून उठतच नसत. तेव्हा भीती आहे ती काही उगीच नाही. पण डॉक्टरांनी वेदना पाहून, मोजून दिलेली गोळी आणि वेदना नसताना नशेसाठी घेतलेली अफू, यांत फार अंतर आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1986 सालीच सांगितले आहे. आपल्याकडे 1985 च्या कायद्यामुळे ते मिळणे फार कठीण झाले होते. 2014 साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले.

घरातल्या सूनबाईंनी वाद घातला नाही. मुलाच्या शाळेची उरलेली वही घेतली आणि रेघा मारल्या. गोळीची वेळ, दुखणे दहापैकी किती, शौच, लघवी, झोप, खाणेपिणे. एवढेच रकाने. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तसे सांगितले होते.

पहिले तीन दिवस आजी पेंगत राहिल्या आणि दोनदा ओकल्या. घरचे घाबरले. पण असे पुष्कळांना होते, आणि चार-सहा दिवसांत ते बहुधा आपोआप ओसरते. शिवाय ज्या माणसाने महिनाभर डोळ्याला डोळा लावलेला नाही, तो दुखणे थांबल्यावर झोपणारच. हाक मारल्यावर डोळे उघडून ओ देत असेल, तर ती झोप थकव्याची. अंगाला खाजही सुटते कोणाकोणाला. तीही वहीत लिहावी.

बद्धकोष्ठाचे मात्र तसे नाही. ते ओसरत नाही. औषध चालू आहे तोवर आतड्यांची चाल मंदच राहते. म्हणून जाणते डॉक्टर पहिल्या दिवसापासूनच सोनामुखीसारखे किंवा तसल्या जातीचे रेचक जोडीला देतात. ते रोज घ्यायचे, पोट साफ झाले म्हणून सोडायचे नाही. आपल्या घराघरांतून इसबगोल देण्याची सवय आहे. पण जो माणूस जेमतेम दोन पेले पाणी पितो, त्याच्या आतड्यात इसबगोल फुगून अडून बसते. विचारल्याशिवाय देऊ नका. सलग तीन दिवस शौचाचा रकाना कोरा दिसला तर डॉक्टरांना कळवा. वेदनेपेक्षा या त्रासामुळेच कित्येक जण गोळी टाकून देतात, आणि मग वेदना परत उसळते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. महिना बरा गेला. मग एका संध्याकाळी आजी म्हणाल्या, "अगं, गोधडीवर मुंग्या चढल्यात, झटक की!" मुंग्या नव्हत्या. रात्री त्यांचे हातपाय मधूनच झटका बसल्यासारखे उडू लागले. कोपऱ्यात कोणी उभे आहे म्हणू लागल्या. शेजारपाजारच्यांनी लगेच निदान केले, बाहेरचे लागले! देवऋषाला बोलवायचेही ठरले. सूनबाईंनी वही उघडली. दोन दिवसांपूर्वी जुलाब, खाणेपिणे जवळजवळ बंद, आणि काल सबंध दिवसात लघवी एकदाच. तेवढी वही घेऊन नवऱ्याला मोटारसायकलवर दवाखान्यात पाठवले.

डॉक्टरांनी ती दोन पाने पाहून ओळखले. मॉर्फिनचा निचरा होतो तो मूत्रपिंडांवाटे. अंगातले पाणी कमी झाले, लघवी थांबत आली, की औषधाचे अंश रक्तात साठत जातात, आणि मग असे भास होतात, अंग उडते, माणूस भ्रमल्यासारखा बोलतो. आजींना सलाइन लावले, गोळी कमी केली आणि दोन गोळ्यांमधले अंतर वाढवले. तीन दिवसांनी मुंग्या गेल्या. देवऋषाच्या अंगाऱ्याने ते पाणी भरून निघाले नसते, आणि गोळी तशीच चालू राहिली असती तर पुढची पायरी श्वासाची होती.

ती पायरी नीट समजून घ्या. या औषधाचा जास्त भार झाला की आधी झोप गाढ होते आणि मग श्वास मंदावतो. विसावलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजा. श्वास 8-10 वर आला, अडखळत घोरल्यासारखा झाला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, आणि खांदा हलवून हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत, तर पुढची गोळी देऊ नका. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात पाणी-चहा काही घालू नका आणि 108 ला फोन करा. यावर नॅलॉक्सोन नावाचे इंजेक्शन आहे. पण त्याचा असर मॉर्फिनच्या आधी उतरू शकतो, म्हणून शुद्धीवर आला की लगेच घरी न्यायचे नसते. अगदी अखेरच्या दिवसांत श्वास तसाही बदलतो. तेव्हा काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. मॉर्फिनच्या जोडीला दारू किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून झोपेची गोळी दिली, तर हा धोका फार वाढतो.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. भीतीने किंवा बरे वाटते म्हणून गोळी एकदम बंद करतात. मग घाम, जांभया, नाक गळणे, पोटात मुरडा, जुलाब. हे व्यसन नव्हे. शरीराला औषधाची सवय झालेली असते, म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्याने पायरीपायरीने उतरवायचे असते.

काही गोळ्या बारा तास हळूहळू विरघळणाऱ्या असतात. गिळवत नाही म्हणून ती खलबत्त्यात कुटून दिली, तर बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते. फेंटानिलची चिकटपट्टी मिळाली असेल तर ती साधारण तीन दिवसांनी बदलतात. त्या जागी शेक देऊ नका, गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, रुग्णाला शेकोटीजवळ बसवू नका. उष्णतेने औषध भरभर आत शिरते. ताप चढला तरी तेच होते. वापरलेल्या पट्टीतही औषध उरते. ती उकिरड्यावर टाकली आणि एखाद्या लेकराने उचलली तर अनर्थ होईल.

कर्करोग नसलेल्या घरांतही ही जात येते. कंबरदुखीवर, पडल्या-झडल्यावर ट्रामाडॉल देतात. 2018 पासून तेही याच कायद्याखाली आले आहे. फेफरे येणाऱ्या माणसाला त्याने झटका येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना ते आधी सांगा. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. शरीर त्याचे मॉर्फिन करते, आणि काही जणांत ते फार वेगाने होते. म्हणून मोठ्यांची खोकल्याची बाटली लहान मुलाला किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला देऊ नये.

दुष्परिणाम दिसला तर आपल्या डॉक्टरांना सांगायचाच, पण सरकारकडेही कळवता येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम 2010 साली सुरू झाला. त्याचे काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालते. 1800-180-3024 या क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत. पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालयांतही नोंद घेणारी केंद्रे आहेत. औषधानेच झाले हे तुम्ही सिद्ध करण्याची गरज नसते. औषधाचे नाव, किती दिले, केव्हा दिले, काय झाले आणि कधी, एवढे हवे असते. म्हणजे वहीत जे आहे तेच. गोळ्यांची रिकामी पाकिटे मात्र जपून ठेवा, त्यांवर बॅच नंबर असतो.

आजी पुढे सात आठवडे जगल्या, बहुतेक रात्री झोपून. त्या गेल्यावर डब्यात अकरा गोळ्या उरल्या होत्या. सूनबाईंनी दशक्रियेनंतर त्या मोजून, वहीत तसे लिहून, जिथून आणल्या होत्या त्या दवाखान्यात नेऊन दिल्या. नर्सबाईंनी वही मागून घेतली. गोळ्या नव्याने सुरू झालेल्या दुसऱ्या एका घरच्या माणसांना रकाने कसे आखायचे, ते दाखवायला.