नवरीची साक्ष

लग्न ठरल्यापासून लागेपर्यंत घरात बरीच कागदपत्रे तयार होतात. पूर्वी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून याद्या करीत. कोणी काय द्यायचे, कोणाचा मान कसा राखायचा, जेवणावळींचा खर्च कोणाकडे, हे सारे त्यात लिहिले जाई. मग पत्रिका येते. तिच्यावर कुलदैवत, मुहूर्त, स्थळ आणि निमंत्रकांची लांबलचक रांग असते. भटजींच्या पोथीत विधींचा क्रम असतो, आणि अलीकडे विवाह नोंदणीच्या अर्जात दोघांची वये, पत्ते व साक्षीदारांच्या सह्या असतात. एवढ्या कागदांत नवरीचे नाव जागोजागी सापडते, पण त्या दिवशी तिने काय पाहिले हे एकातही सापडत नाही. ते ती पुढे सांगते, मांडव उतरल्यावर, कधी चाळीस-पन्नास वर्षांनी. आपण ते कौतुकाने ऐकतो आणि ‘बायकांच्या आठवणी’ म्हणून बाजूला ठेवतो. माझे म्हणणे असे की, महाराष्ट्रातल्या विवाहाचा इतिहास लिहायचा तर या आठवणींना पुरवणीत नव्हे, मूळ साधनांत जागा द्यावी लागेल. पोथी काय व्हायला हवे ते सांगते आणि नोंदवही लग्न झाले एवढे सांगते. निर्णय कोणी घेतला आणि तो कोणाला सोसावा लागला, हे मात्र नवरीच्या तपशिलातच उरते.

१८७३ सालच्या डिसेंबरात पुण्यात लागलेली दोन लग्ने शेजारी ठेवली की हे लगेच दिसते. पहिले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. वय एकतिशीचे, आणि विधवाविवाहाच्या चळवळीत नाव पुढे. आता हा विधवेशीच लग्न करणार, अशी सुधारकांना आशा होती आणि वडिलांना धास्ती. वडिलांनी घाईने देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि मुलाला त्यांच्यापुढे मान तुकवावी लागली. रानड्यांच्या चरित्रात हा प्रसंग तत्त्व आणि पितृभक्ती यांच्या संघर्षाचा म्हणून येतो. त्याच मुलीने पुढे रमाबाई रानडे म्हणून ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ हे पुस्तक लिहिले. ते १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यात तत्त्वचर्चा फार नाही. लग्न लागल्यावर नवरा कोणाशी न बोलता घरी आला आणि खोलीचे दार लावून बसला, हे आहे. तिचे वडील निघून गेल्यावर तिला वर बोलावून, आपण कोण, आपले नाव काय, हे तुला माहीत आहे का, असे त्याने विचारले, हे आहे. लिहिता-वाचता येते का, याचीही चौकशी झाली आणि त्याच रात्री पाटी-पेन्सिल पुढे आली. या तीन-चार तपशिलांतून जे कळते ते सभांच्या अहवालांतून कळत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला नवऱ्याच्या नावापलीकडे काहीच माहीत असण्याची अपेक्षा नव्हती. सुधारकाच्या मनातला कोंडमारा पहिल्याच दिवशी त्या पोरीच्या वाट्याला बंद दार होऊन आला. आणि तिचे शिक्षण सुरू झाले ते तिने मागितले म्हणून नाही, नवऱ्याने ठरवले म्हणून.

दुसरे लग्न २५ डिसेंबरचे. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तीन महिनेच झाले होते. सीताराम आल्हाट आणि राधा यांचे लग्न भटजीविना, हुंड्याविना, फार थोड्या खर्चात लागले. सावित्रीबाई फुल्यांनी त्यात पुढाकार घेतला होता. जोतीरावांनी सत्यशोधक विवाहासाठी जी मंगलाष्टके रचली, त्यांत वधू स्वतः बोलते, स्त्रियांच्या हक्कांबद्दल वराकडून शपथ मागते. विचाराच्या दृष्टीने हे लग्न पहिल्याच्या कितीतरी पुढे होते. तरीही राधाला त्या दिवशी काय वाटले, नातलग आले की फिरकले नाहीत, शेजारणी काय म्हणाल्या, सासरी पहिल्या सणाला काय झाले, याबद्दल तिच्या तोंडचा एक शब्द आपल्याजवळ नाही. त्या लग्नाची तारीख, जागा, पुढाकार घेणारे, विरोध करणारे, सगळे नोंदले गेले आहेत. नवरीची साक्ष तेवढी नाही. त्यामुळे जुन्या चालीच्या लग्नातली मुलगी आपल्याला हाडामांसाची दिसते आणि क्रांतिकारक लग्नातली मुलगी केवळ नावापुरती. ही पोकळी नुसत्या हळहळीची नाही. नव्या विधीने घरातले वागणे किती बदलले, हा सत्यशोधक विवाहाविषयीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. त्याला उत्तर देऊ शकणारी पहिली व्यक्तीच आपण गमावली आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. नऊ-अकरा वर्षांच्या मुलीची आठवण, तीही म्हातारपणी लिहिलेली, भरवशाची कशी? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका नारायण वामन टिळकांची बायको झाली त्याला तेव्हा पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती. मधल्या काळात नवरा ख्रिस्ती झाला, संसार मोडला, पुन्हा जुळला, तीही ख्रिस्ती झाली. एवढ्या उलथापालथीनंतर बाललग्नाकडे पाहणारी नजर मुलीची राहत नाही, हे कबूल. मिश्किलपणाही नंतर आलेला. परंतु आठवणीत दोन थर असतात आणि ते वेगळे काढता येतात. प्रसंगाचा अर्थ काळाबरोबर बदलतो. कोण कुठे बसले, काय नेसवले, कोणी टाकून बोलले, असल्या गोष्टी मात्र लेखिकेच्या नंतरच्या मताला ना पूरक असतात ना मारक. त्या मुद्दाम रचण्याचे कारण नसते. तारीख, तिथी, रकमा यांसाठी मी अशा आत्मचरित्रावर विसंबणार नाही. तेवढ्यासाठी कागद आहेतच. आणि मुलीला जे कळले नाही तेही पुराव्याचाच भाग धरायला हवे. आपले लग्न म्हणजे काय चालले आहे याचा तिला पत्ता नव्हता, ही माहिती बालविवाहाच्या इतिहासात बिनमहत्त्वाची म्हणता येईल का?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. या बायका पतिनिष्ठ होत्या. रमाबाईंच्या पुस्तकाचा नायक रानडे आहेत, त्या स्वतः नाहीत. मग त्यांची साक्ष पक्षपाती नाही का? आहे, आणि म्हणूनच ती मोलाची आहे. न्यायालयात जो साक्षीदार ज्याच्या बाजूचा, त्याच्याच तोंडून त्या बाजूला अडचणीची गोष्ट निघाली की तिचे वजन वाढते. नवऱ्याला देव मानणारी बाई, त्याला हे लग्न नको होते हे स्वच्छ लिहिते, तेव्हा ती त्याला कमीपणा आणायला लिहीत नसते. रानड्यांच्या विरोधकाने लिहिलेल्या शंभर ओळींपेक्षा मला ही कबुली जास्त विश्वासाची वाटते.

साक्ष नवऱ्याच्या विरुद्धच जाते तेव्हा काय होते, तेही मुंबईने पाहिले आहे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. मोठेपणी त्यांनी नांदायला जायचे नाकारले आणि दादाजींनी १८८४ साली दावा लावला. मला न कळत्या वयात, माझ्या संमतीवाचून बांधलेले हे नाते मी मानणार नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ साली त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘हिंदू लेडी’ या टोपणनावाने पत्रे लिहून बालविवाहाने मुलींचे काय होते तेही मांडले. त्याच वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी पैशांवर तडजोड झाली, आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. या खटल्यात लग्न झाले की नाही असा वादच नव्हता. विधी यथासांग पार पडल्याचे सगळ्यांना मान्य होते. नवरीने मागे वळून पाहिले आणि ‘मला विचारले होते का?’ एवढाच प्रश्न टाकला. विधीच्या शास्त्रात त्याला जागा नव्हती आणि अपील न्यायालयालाही ती सापडली नाही. पण तेव्हापासून तो प्रश्न सार्वजनिक चर्चेतून हटला नाही. १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, त्यामागच्या वादळात या खटल्याचा वाटा मोठा होता. तपशिलाला किरकोळ म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

एका तपशिलाकडे मात्र या बायकाही सहज म्हणून पाहतात, आणि तिथे वाचणाऱ्याने थांबायला हवे. यमुना कुर्लेकर रमाबाई झाली. मनकर्णिका गोखले लक्ष्मी झाली. कल्याणची यमुना जोशी नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न होऊन आनंदीबाई झाली आणि पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली. ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने नाव लिहायचे आणि त्या क्षणापासून मुलीने वेगळ्या हाकेला ओ द्यायची, हा विधी घरातल्या कोणाला नोंद करण्याइतका मोठा वाटला नाही. देवरुखच्या गोदूबाईंची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. पहिले लग्न कोवळ्या वयात, काही महिन्यांत वैधव्य, पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिक्षण, आणि ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह. त्याही आनंदीबाई झाल्या. ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मकथनात एकाच बाईच्या आयुष्यातली दोन लग्ने आहेत. एकात ती मुलगी होती आणि सगळे इतरांनी ठरवले. दुसऱ्यात ती जाणती होती, होकार तिचा होता, आणि किंमत म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार होता. दोन्हींची तुलना करायला याहून योग्य साक्षीदार कुठून आणणार?

आता खरा अवघड आक्षेप. वर घेतलेल्या आत्मचरित्रांच्या लेखिका ब्राह्मण घरांतल्या आहेत. त्यांच्या साक्षीवर महाराष्ट्राच्या विवाहाचा इतिहास उभारला तर तो महाराष्ट्राचा होणार नाही. हे पूर्ण खरे आहे आणि याला पळवाट नाही. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ ही पुस्तके आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि नंतर. बेबी कांबळे फलटण भागातल्या महारवाड्यातली लग्ने सांगतात. खेळण्याच्या वयात बोहल्यावर चढवलेल्या आणि सासरी पहाटेपासून कामाला जुंपलेल्या मुली तिथेही आहेत, पण सुधारणेची पाटी-पेन्सिल हातात देणारा नवरा नाही. इथे दारिद्र्य आणि अस्पृश्यता लग्नाच्या प्रत्येक तपशिलात शिरलेली आहे. याहून जुने काही हवे असेल तर जात्याकडे जावे लागते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. हळद, मांडव, भावाने आणलेले लुगडे, लेक वाटे लावणारा बाप हे विषय त्यांत पुन्हा पुन्हा येतात. ओवीत वर्ष नसते, आणि गाणारी स्वतःचे दुःख सांगते की परंपरेने आलेले, हे दर वेळी ठरवता येत नाही. म्हणून ओवी आत्मचरित्राची जागा घेऊ शकत नाही. मात्र सासरी दळायला बसलेल्या बाईने आपल्या पाठवणीबद्दल काय म्हणणे योग्य मानले, हे ओवीइतके थेट दुसरे काही सांगत नाही. आक्षेपाचे उत्तर साक्षी बाद करण्यात नाही, आणखी साक्षी शोधण्यात आहे.

आजच्या नवरीला याची गरज काय, असे कोणी म्हणेल. सीमांतपूजनापासून गृहप्रवेशापर्यंत कॅमेरे फिरत असतात, ड्रोन वरून मांडव टिपतो. माझ्या मते कॅमेऱ्याने अडचण वाढवली आहे. तो फक्त ठरवलेले दाखवतो. शालू दिसतो, पण तो कोणाच्या पसंतीचा ते दिसत नाही. रुखवत दिसते, पण त्यासाठी काढलेले कर्ज दिसत नाही. विहिणीच्या मानपानावरून आदल्या रात्री झालेली बोलणी तर चित्रफितीत येणेच शक्य नाही. शिवाय १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा देणे-घेणे गुन्हा ठरल्यावर जुन्या याद्यांतला तो रकाना कागदावरून गेला आणि तोंडी व्यवहारात शिरला. म्हणजे पूर्वी जे निदान दोन घरच्या पुरुषांनी लिहून ठेवले होते, त्याचा आता नवरीची आणि तिच्या आईबापांची आठवण हाच एक पुरावा उरला.

गंमत अशी की, कायद्याला हे बऱ्याच आधी उमजले होते. १९८५ साली केंद्र सरकारने वधूवरांच्या भेटवस्तूंच्या याद्यांबाबत नियम केले. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नातेवाईक असल्यास नाते लिहायचे, खाली दोघांच्या सह्या. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे स्त्रीचेच असते आणि सासरच्यांकडे ते केवळ विश्वासाने सोपवलेले असते, असे सांगितले. पाटल्या कोणी घातल्या, गोठ कोणाकडून आले, कोणता दागिना सासूबाईंच्या कपाटात गेला, हे लग्नघरातले गप्पांचे विषय अशा रीतीने कोर्टाच्या कामाचे झाले. तरी आहेराची पाकिटे कोणाकडून किती, याची वही घरातला कोणीतरी काका बिनचूक लिहितो, आणि जिची यादी कायद्याने मागितली आहे ती नवरी त्या वेळी पाहुण्यांच्या पाया पडत असते. नियमाची माहिती असलेली लग्नघरे शोधावी लागतील. काकांच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवून तिच्यावर नवरीची सही घ्यायला पाच मिनिटे पुरतात. मुहूर्त टळत नाही.