सोलून टाकावयाच्या कागदाची निवड

टाकून देण्यासाठीच जी तयार होते, अशा वस्तूविषयी सहसा कोणी लिहीत नाही. सॅनिटरी पॅडच्या पाठीवरील गोंद झाकणारी कागदाची पट्टी ही अशीच एक वस्तू होय. व्यापारी तिला ‘रिलीज पेपर’ म्हणतात. अनेक ठिकाणी महिला बचत गट पॅड तयार करण्याचा उद्योग चालवितात. लगदा, कापड व यंत्र यांची ते कसून चौकशी करतात. ही पट्टी मात्र स्वस्त मिळेल ती घेतली जाते. शाळेच्या स्वच्छतागृहात घाईत असलेल्या मुलीच्या हाती ती अर्धवट फाटून आली, तर पॅड जागेवर राहत नाही आणि त्या गटाचा माल ती पुन्हा घेत नाही.

चिकटपट्टीच्या साध्या गुंडाळीस वेगळा कागद लागत नाही, कारण पट्टीच्या पाठीलाच न चिकटणारा लेप असतो. तुकडे सुटे करावयाचे म्हटले की गोंद झाकणे आले. या कागदावर सिलिकोनचा अत्यंत पातळ थर असतो. चौरस मीटरला साधारणतः १ ग्रॅम. सारे गुण या एका ग्रॅमवर अवलंबून आहेत. थर विरळ असेल तर कागद गोंदाला धरून फाटतो. तो नीट पक्व झालेला नसेल, तर सिलिकोन गोंदावर उतरते व गोंदच निकामी होतो. हा दुसरा दोष अधिक फसवा, कारण पट्टी सुरेख सुटते!

त्याची परीक्षा घरच्या घरी करता येते. साधी चिकटपट्टी कागदाच्या लेप असलेल्या बाजूवर घट्ट दाबून काढावी व तिची चिकट बाजू दुमडून स्वतःलाच चिकटवून पाहावी. ती नव्या पट्टीसारखी धरत नसेल, तर तो माल परत करावा.

कागद की प्लॅस्टिकचा पापुद्रा, हा प्रश्न हवामानाचाही आहे. गोव्याच्या पावसाळ्यात कागद दमट हवा शोषून वळतो. पॉलिएस्टरचा पापुद्रा वळत नाही, फाटतही नाही, पण महाग पडतो. गरम गोंद थेट ओतावयाचा असल्यास पातळ पॉलिथिन आकसते. तेथे कागदच बरा. आमच्या मते पॅडसाठी घट्ट दाबून गुळगुळीत केलेला कागद पुरेसा आहे. मात्र रीळ पिशवीत बंद ठेवावे.

डायखाली ‘हाफ कट’ करावयाच्या तुकड्यांची गोष्ट निराळी. तेथे पाते गोंदापर्यंत कापून थांबते, म्हणून खालच्या थराची जाडी सर्वत्र सारखी हवी. दुहेरी चिकटपट्टीस दोन्ही बाजूंना झाकण असल्यास एक बाजू दुसरीपेक्षा सहज सुटावी लागते; अन्यथा गोंद भलत्याच बाजूस ओढला जातो. त्वचेवर लावावयाच्या काही पट्ट्यांत गोंदच सिलिकोनचा असतो. तो सिलिकोनच्या लेपाला चिकटून बसतो, म्हणून त्यासाठी फ्लोरोसिलिकोनचा लेप मागावा लागतो.

सोललेला कागद नेहमीच्या रद्दीत मिसळू नये. लेपामुळे त्याचा लगदा सहज होत नाही.