‘दहशतवाद’ ही संज्ञा आणि शासनाची हमी : तीन विमाव्यवस्थांचा तौलनिक विचार

संहितेतील शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. विमाकरार हीही एक संहिताच होय. आणि दहशतवादी हल्ल्यातील नुकसानीच्या विम्यात या प्रश्नाच्या उत्तरावर दाव्याचे भवितव्य अवलंबून असते.

हा विमा खासगी कंपन्यांना एकट्याने पेलणारा नाही. आगीच्या वारंवारितेचा अंदाज पूर्वानुभवावरून बांधता येतो. हेतुपुरस्सर हल्ल्याचा तसा बांधता येत नाही. १० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजजवळ आयरिश रिपब्लिकन आर्मीने घडवलेल्या स्फोटानंतर पुनर्विमा कंपन्यांनी अंग काढून घेतले. त्यातून १९९३ मध्ये ‘पूल री’ ही संस्था उभी राहिली. तिचा सामायिक निधी संपल्यास उर्वरित भार ब्रिटिश कोषागार उचलते. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतही असाच पेच उद्भवला आणि २००२ मध्ये शासकीय हमीचा कायदा झाला.

या कायद्याच्या मूळ व्याख्येत परकीय व्यक्ती वा हितसंबंधांच्या वतीने केलेले कृत्यच बसत असे. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत अमेरिकी नागरिकाने घडवलेल्या स्फोटासारखी घटना तीबाहेर राहिली असती. २००७ मध्ये ही अट वगळण्यात आली. मात्र कृत्य ‘दहशतवादी’ असल्याचे अर्थमंत्र्यांनी प्रमाणित करणे आवश्यकच राहिले, आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही.

१५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना दहशतवादी कृत्य म्हटले. अर्थमंत्र्यांचे प्रमाणपत्र मात्र कधीच निघाले नाही. येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. अनेक सर्वसाधारण विमाकरारांतून केवळ ‘प्रमाणित’ कृत्येच वगळलेली असतात. साहजिकच, दहशतवादाचा वेगळा विमा न उतरवलेल्या दुकानदाराला शासनाचे हे मौन हितावह होते. प्रमाणपत्र निघाले असते, तर त्याचा नेहमीचा दावाही अडला असता.

ब्रिटनमध्येही प्रमाणपत्र कोषागाराचेच असते. पण ते नाकारले गेल्यास प्रश्न लवादाकडे नेता येतो. भारतात एप्रिल २००२ मध्ये स्थापन झालेला निधी विमा कंपन्यांचा असून जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन त्याचे व्यवस्थापन करते. त्याला शासनाची हमी नाही, आणि मंत्र्याच्या प्रमाणपत्राची अटही नाही. निकष कराराच्या शब्दांतच आहेत : राजकीय, धार्मिक वा वैचारिक हेतू आणि जनतेत भय निर्माण करण्याचा उद्देश. हल्ला मोडून काढताना शासकीय दलांच्या कारवाईमुळे झालेली हानीही त्यात समाविष्ट आहे. नोव्हेंबर २००८ मधील मुंबई हल्ल्यानंतर ताज व ओबेरॉय हॉटेलांचे दावे याच निधीतून देण्यात आले.

तात्पर्य, जेथे शासन पैशाची हमी देते, तेथे अर्थनिश्चितीचा अधिकारही ते प्रथम स्वतःकडे घेते. जेथे हमी नाही, तेथे अर्थ संहितेतच शोधावा लागतो. ‘दहशतवाद’ हा शब्द वर्णनपर वाटला, तरी या व्यवस्थांत त्याचा उच्चार ही कृती ठरते, आणि अनुच्चारही.