द्राक्षाच्या खोक्याला कोणता कागद?

जीएसएम : एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. हा आकडा फक्त वजन सांगतो, ताकद नाही.

बीएफ : ताकदीचे माप. जीएसएमला बीएफने गुणून १००० ने भागले की कागद किती दाबाला फुटेल ते कळते (किलो प्रति चौ. सेंमी). १८० जीएसएम, २० बीएफ = ३.६. १५० जीएसएम, २४ बीएफ = ३.६. म्हणजे चांगल्या धाग्याचा हलका कागदही तेवढाच दाब सोसतो.

पदर : तीनपदरी पुठ्ठ्यात एक नागमोडी थर असतो, पाचपदरीत दोन. नागमोडी थराला सपाट थरापेक्षा सुमारे दीडपट कागद लागतो. दर काढताना हे धरावे.

थप्पी : खालचे खोके सहसा फाटत नाही, दबते. तिथे पुठ्ठ्याची जाडी आणि कडेची ताकद कामाला येते. बहुतेक भार कोपरे पेलतात, म्हणून हवेची भोके कोपऱ्यांपासून दूर ठेवावीत आणि कोपऱ्यावर कोपरा येईल अशीच थप्पी लावावी.

ओलावा : द्राक्षाच्या शीतगृहात आर्द्रता ९० ते ९५ टक्के असते. एवढ्या दमटपणात पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. निर्यातीचा माल कित्येक आठवडे कंटेनरमध्ये राहतो, म्हणून कोरड्या गोदामातल्या हिशेबावर खोके निवडू नये.

खरेदीपूर्वी : प्रत्येक थराचे जीएसएम आणि बीएफ लेखी मागा. खोक्याची दाबचाचणी करून घ्या. वर्षभराची मेहनत त्याच पुठ्ठ्यात बसून परदेशी जाते.