मिरजेची जवारी

सांगली जिल्ह्यातील मिरज ही एके काळी पटवर्धन संस्थानिकांची राजधानी. तेथे हत्यारांना धार लावून निर्वाह करणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंबोरे घडविण्यास आरंभ केला, आणि संस्थानच्या आश्रयाने हा हुन्नर तेथे रुजला. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले, हे उचितच झाले. परंतु या कारागिरीचे मर्म भोपळ्याच्या घेरात वा दांडीच्या नक्षीत शोधणाऱ्याची निराशाच होईल, कारण ते तारा पेलणाऱ्या घोडीच्या त्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर वसते.

तार छेडली म्हणजे मूळ स्वरासमवेत अनेक उपस्वर उठतात, आणि प्रत्येक उपस्वराचे तारेवर काही बिंदू निश्चल राहतात. तुलनेसाठी विद्युत बास गिटार घ्या. तिच्या नादाचे बरेचसे शास्त्र यावर उभे आहे: तारेचे कंपन टिपणारा चुंबकीय पिकअप ज्या बिंदूखाली असेल, तेथे निश्चल असणारा उपस्वर त्यास ऐकूच येत नाही, घोडीनजीक मूळ स्वर कृश होऊन नाद खणखणीत होतो, मानेकडे तो भरदार. फेंडर कंपनीने 1951 च्या प्रिसिजन बासला एकच पिकअप दिला, 1957 साली त्याचे दोन तुकडे करून विजेची गुणगुण मारली, आणि 1960 च्या जॅझ बासला दोन पिकअप देऊन त्यांचे मिश्रण वादकाच्या हाती सोपविले.

पिकअपाविना चालणाऱ्या तंबोऱ्याचा न्याय निराळा. छेडल्या बिंदूशी निश्चल असणारा उपस्वर उमटू नये, हा यंग-हेल्महोल्ट्झ यांचा नियम येथे मोडतो, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 च्या निबंधात दाखविले. उतरत्या घोडीवर तार एका जागी टेकत नाही, कंप पावताना पृष्ठभागाला घासत राहते, आणि त्या स्पर्शातून हरवलेले उपस्वर पुन्हा जन्मतात.

ते किती जन्मावेत, हे कारागीर कानशीने ठरवितो. एक हात पृष्ठभागावर, दुसरा तारेवर. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून तो केसभर पुढेमागे करीत जवारी, म्हणजे या उपस्वरांची झळाळी, उघडतो वा मिटवितो, आणि गायकाच्या गळ्याप्रमाणे ती खुली किंवा गोल ठेवतो. बास गिटारचा चुंबक स्क्रूने बसवून वर्षानुवर्षे विसरता येतो. घोडीवर मात्र तार हळूहळू चर पाडते, म्हणून मैफलीचा तंबोरा काही काळाने पुन्हा कारागिराकडे येतोच, आणि एकदा घासून गेलेला पृष्ठभाग परत भरून येत नसल्याने प्रत्येक दुरुस्तीत कानस अधिकच जपून चालवावी लागते.