अर्ध्या सेकंदाची शंका

आंद्रेस फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये इंजिनिअर आहे. त्याचं काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर. सुरक्षा हा त्याचा विषयच नव्हे. मार्च 2024 मध्ये तो लिनक्सवर डेटाबेसचा वेग मोजत होता. अशा मोजणीच्या वेळी संगणकावर दुसरी कुठली हालचाल नको असते. पण दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच हा प्रोग्रॅम उगाचच प्रोसेसर खात होता, अगदी फसलेल्या लॉगिनलासुद्धा. त्याने वेळ मोजून पाहिली. आधी 0.299 सेकंदांत होणारं काम आता 0.807 सेकंद घेत होतं.

नवं व्हर्जन आहे, थोडं जड असेल, असं म्हणून कुणीही पुढे गेलं असतं. फ्रॉइंड गेला नाही. माग काढत तो पोचला एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या, लिनक्सच्या जवळपास प्रत्येक आवृत्तीत असणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरपाशी. 29 मार्चला त्याने जाहीर केलं, की एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा बसवलेला आहे. धोक्याच्या मापनात या चोरदरवाजाला 10 पैकी 10 गुण मिळाले. विशिष्ट गुप्त किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याला पासवर्डशिवाय सर्व्हरवर हवा तो हुकूम चालवता आला असता.

एसएसएचचा एक्सझेडशी थेट संबंध नाही. पण लिनक्सच्या डेबियन, फेडोरा यांसारख्या आवृत्त्या एसएसएचला सिस्टमडी या यंत्रणेशी जोडतात आणि तिच्यामागून एक्सझेडची लायब्ररीही आत येते. बरोबर हीच वाट हेरली होती.

लपवण्याची तऱ्हा तर अंगावर काटा आणणारी. एक्सझेडसारखं सॉफ्टवेअर तपासायला मुद्दाम बिघडवलेल्या फायली लागतात. त्या उघडल्या नाहीत तर कुणाला नवल वाटत नाही. घातक कोड अशाच चाचणी-फायलींत दडवला होता. तो बाहेर काढणाऱ्या ओळी सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये नव्हत्या. वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढ्या घातल्या होत्या. कोड उघडा आहे म्हणजे तो कुणीतरी वाचला असेल, हा आपला सगळ्यांचा विश्वास इथे उघडा पडला.

हे करणारं नाव होतं जिया टॅन. 2021 पासून हा माणूस, किंवा माणसं, एक्सझेडला नेमाने दुरुस्त्या पाठवत होती. एक्सझेड सांभाळणारा लासे कॉलिन फिनलंडचा. हे काम तो वर्षानुवर्षं फुकट, फावल्या वेळात करत आलेला. 2022 मध्ये काही अनोळखी नावं त्याच्यामागे लागली: कामं रखडतात, दुसऱ्या कुणाला तरी सोपवा. आपल्याला मानसिक आरोग्याचा दीर्घ त्रास आहे आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्याने मोकळेपणाने लिहिलं. तरीही तगादा सुटला नाही. हळूहळू अधिकार जिया टॅनच्या हाती गेले. तगादा लावणारी ती नावं मग कुठेच दिसली नाहीत, आणि ती याच कटातली असावीत असं अनेक तज्ज्ञ मानतात. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत क्रूर वाटतं ते हेच. कोडमधली चूक पकडायला साधनं आहेत, थकलेल्या माणसाचा तोल बघायला कुणी नव्हतं.

फ्रॉइंडच्या नजरेला हे पडलं तेव्हा ही व्हर्जन मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांत पोचली होती, स्थिर आवृत्त्यांत नाही. आणखी काही महिने गेले असते, तर ती जगभरच्या सर्व्हरवर बसली असती. इंटरनेटचा मोठा भाग लिनक्सवरच चालतो. जिया टॅन तर नवं व्हर्जन लवकर घ्या म्हणून फेडोराच्या लोकांना आग्रह करत होता. ते नाव कुणाचं, हे आजही जाहीर झालेलं नाही.

पुढची साफसफाई कॉलिननेच केली. घातलेल्या ओळी शोधून काढल्या, जिया टॅनने आधी पाठवलेले बदल तपासले आणि मे 2024 च्या अखेरीस 5.6.2 हे स्वच्छ व्हर्जन दिलं.