खडक कोणत्या दिशेने फाटत गेला?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला भूकंप झाला. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली, पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी कोयना धरणाच्या पोटातील बोगद्यात एक त्वरणलेखक बसवलेला होता. साध्या भूकंपलेखकाची रेघ इतक्या जवळच्या मोठ्या धक्क्यात कागदाबाहेर जाते. त्वरणलेखक एरवी स्वस्थ असतो. जमीन जोराने हलली की सुरू होतो आणि तिच्या हालचालीचे त्वरण नोंदवतो.

त्याने नोंदवलेला आकडा थक्क करणारा होता. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट! प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट. धरणाचा आराखडा करताना धरले होते फक्त ०.०५. धरणाच्या वरच्या भागात, जिथे उतार एकदम बदलतो तिथे, तडे गेले. पण धरण टिकले. पुढे त्याला काँक्रीटचा जोड देऊन बळकट केले. काँक्रीटच्या धरणांचा अभ्यास करणारे जगभरचे अभियंते आजही ही नोंद वापरतात.

मात्र एका यंत्राने एकाच जागचा हादरा कळतो. भूकंप म्हणजे एका बिंदूवरचा स्फोट नव्हे. जमिनीखालचा खडक एका जागी तुटू लागतो आणि ती फाट भ्रंशाच्या पृष्ठावरून सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने धावते. ती कुठून कुठे धावली, हे कसे ओळखायचे?

खंडाळ्याच्या घाटात गाडीची शिटी ऐकली आहे ना? गाडी जवळ येताना स्वर चढा, दूर जाताना उतरता. इथेही तसेच काहीसे होते. समजा, कोयनेजवळ २० किलोमीटर लांबीची फाट सेकंदाला २.५ किलोमीटर वेगाने दक्षिणेकडून उत्तरेकडे गेली. तिला ८ सेकंद लागतील. एक यंत्र उत्तरेला लोणावळ्यात आणि दुसरे दक्षिणेला कोल्हापुरात आहे असे माना. दुय्यम लहरींचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटर धरला, तर २० किलोमीटर जायला त्यांना सुमारे ५.७ सेकंद लागतात. फाटीचे शेवटचे टोक लोणावळ्याला तेवढे जवळ; म्हणून तिथे पहिल्या आणि शेवटच्या लहरींत अंतर राहील ८ उणे ५.७, म्हणजे २.३ सेकंद. कोल्हापुरात तेच ८ अधिक ५.७, म्हणजे १३.७ सेकंद! तीच ऊर्जा लोणावळ्यात थोडक्या वेळात एकवटून येईल, कोल्हापुरात ताणली जाईल. (हे गणित वहीत करून पाहा, फाट उलट दिशेने धावली तर काय होईल?)

प्रत्यक्षात रेघा इतक्या स्वच्छ नसतात. वाटेतले खडक लहरींना वळवतात, परतवतात, गोंधळ वाढवतात. त्यावरची युक्ती मला फार आवडते: त्याच जागी झालेल्या एखाद्या लहान धक्क्याची त्याच यंत्रावरची नोंद घ्यायची. लहान धक्क्यात फाट नगण्य, म्हणून त्या नोंदीत जवळजवळ सारा परिणाम वाटेचाच. मोठ्या धक्क्याच्या नोंदीतून गणिताने तो वेगळा काढला की फाटीची गोष्ट उरते.

यासाठी भूकंप होण्यापूर्वीच यंत्रे भोवताली हवीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप होऊन हजारो माणसे मेली. त्या मुख्य धक्क्याची जवळून घेतलेली त्वरणाची नोंद नाही. शास्त्रज्ञांनी यंत्रे तिथे नेली ती नंतर, मागाहूनचे धक्के टिपायला.